धाकटीचा तवा

माझ्या धाकट्या जावेने गहू सोडला तेव्हा मला तिचा इतका हेवा वाटला की दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. दागिन्यांवरून, माहेरच्या कौतुकावरून जावाजावांत जळफळाट होतो हे मी पाहिलं होतं. पण एकीने पोळी नको म्हटलं म्हणून दुसरीच्या पोटात दुखावं, हे बहुधा आमच्याच घरात झालं असेल.

कारण असं की गहू मी तिच्या आठ वर्षं आधी सोडला होता. सोडला म्हणण्यापेक्षा सुटला. मला सिलिअ‍ॅक आहे. गव्हातला एक अंश माझ्या आतड्याला सोसत नाही. पोळीचा चुरा जरी पोटात गेला तरी आतडं आतून सुजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. मुलगी झाल्यानंतर वर्षभर मी जुलाबांनी, तोंडातल्या फोडांनी हैराण होते, आणि केस तर विंचरायलाच नकोत अशी गत होती. जंताची औषधं झाली, लोहाच्या गोळ्या झाल्या. शेवटी नागपूरला तोंडातून नळी घालून आतड्याचा तुकडा तपासला तेव्हा कळलं. तिथले डॉक्टर म्हणाले, याला औषध नाही, फक्त गहू बंद, जन्मभर. मग त्यांनी विचारलं, घरी काय पिकतं? मी म्हटलं, कापूस आणि ज्वारी. ते हसले आणि म्हणाले, मग तुम्ही नशीबवान आहात. परतीच्या बसमध्ये मला खरंच तसं वाटत होतं.

आमचं घर तेलंगणात, आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यात आहे आणि शेत बारा किलोमीटरवर. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि मुलगी. मी मराठी शाळेत शिकवते. ज्वारीची पोती कोठीत असतात, तेव्हा खायला काही कमी नव्हतं. कमी होता तो एक तवा.

आमच्याकडे सकाळी आधी पोळ्या होतात आणि मग त्याच तव्यावर भाकरी. भाकर थापताना तुटू नये म्हणून सासूबाई पिठात मूठभर कणीक घालतात, हातालाही कणीकच लावतात. चक्कीवर ज्वारी जाते ती कुणाच्या तरी गव्हाच्या मागून. हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ असतं, हे मला डबीवरची बारीक अक्षरं वाचून कळलं. दर सहा महिन्यांनी नागपूरला रक्त तपासायचं आणि दर वेळी आकडा वरच असायचा. डॉक्टर म्हणायचे, कुठून तरी गहू पोटात जातोच आहे. असंच चाललं तर हाडं ठिसूळ होतील, चाळिशीतच काठी लागेल. तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. मला वेगळा तवा आणि पिठाचा वेगळा डबा हवा होता, बाकी काही नको होतं.

म्हणून मी एक तवा विकत आणला. तेवढ्यावरून घरात जे झालं ते मी विसरणार नाही. आमच्या घराण्यात भाऊ वेगळे निघतात तेव्हा दुसरी चूल मांडायला सगळ्यात आधी तवा आणि परात देतात. जमिनीची वाटणी मग होते. सासूबाईंची जाऊ तीस वर्षांपूर्वी अशीच तवा घेऊन पलीकडच्या गल्लीत गेली आणि दोन्ही घरांत अजून बोलणं नाही. सासूबाईंनी माझ्या हातातला तवा पाहिला आणि त्या खाटेवर बसल्या.

"काऊन व बाई, घरात तवे नाईत काय? आज तवा मागतं, उद्या वावराच्या पट्ट्यावर नाव मागशीन."

मी आतड्याचं सांगितलं, नागपूरचा कागद दाखवला. त्या म्हणाल्या, "कागद म्याबी लय पायले." दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने तो तवा उचलून शेतातल्या खोपीत नेऊन ठेवला आणि मला म्हणाला, थोडं जमवून घे. मी जमवून घेतलं. शाळेतून येताना रस्त्याच्या कडेला तेलुगू बाया चुलीवर जोन्ना रोट्टे भाजून विकतात, म्हणजे आपली ज्वारीची भाकरच. तिथे उभी राहून दोन खाऊन घ्यायची आणि घरी भूक नाही म्हणायचं. त्यावरून घरात माझं नाव पडलं ते नखरेवाली.

लोकांचे सल्ले तर विचारू नका. कुणी उपाशीपोटी मेथ्यांचं पाणी सांगितलं, कुणी खोबरेल तेल पी म्हणालं. शाळेतल्या एका सरांनी मला महिनाभर गव्हांकुरांचा रस घ्यायचा आग्रह केला. गव्हाचा त्रास आहे म्हटल्यावर म्हणाले, म्हणूनच तर, मुळावरच घाव. ते मनापासून बोलत होते, मला हसता येईना.

अशात धाकटी आली. दीर कंपनीच्या कामाने सहा महिने परदेशी गेले, म्हणून ती हैदराबादहून लॅपटॉप घेऊन आमच्याकडे राहायला आली. पोरगी अमरावतीची, गोड बोलणारी, अंगाने जराशी भरलेली. आठवड्याभरात तिने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं की गव्हाने पोट सुटतं, चेहरा सुजतो, डोकं जड होतं. दुसऱ्या दिवशी जेवताना तिने ताटातली पोळी हळूच बाजूला सारली.

"आई, मी आजपासून गहू बंद केला. एकवीस दिवसांत फरक पडते म्हणतात."

मी वाटच पाहत होते. आता नखरा म्हणतील, आता वाटणीवरून काहीतरी बोलतील. सासूबाई म्हणाल्या, "बरं केलं माय. आमी लहानपणी कुटं गहू खात होतो?" संध्याकाळी त्यांनी स्वतः बाजारातून तवा आणला. लोखंडाचा, जाड बुडाचा. पिठाला झाकणाचा स्टीलचा डबा काढला. सोमवारी चक्की उघडायच्या आधीच त्या ज्वारी घेऊन दारात उभ्या, का तर आधीच्या गव्हाचा कण नको. चक्कीवाल्याला म्हणाल्या म्हणे, "माह्या सुनेले गहू चालत नाई." हे शेजारणीने मला कौतुकाने येऊन सांगितलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सून म्हणून मी या घरात आधी आले होते, आणि गहू मला चालत नव्हता.

आता माझा कोतेपणा सांगते. तिच्या तव्यावरची भाकर मी खाऊ लागले. दोन सुनांना वेगवेगळ्या भाकरी कोण करणार, म्हणून सासूबाई एकदमच करायच्या. नीट थापलेली, पदर सुटलेली, कणकेचा स्पर्श नसलेली भाकर. आठवड्याभरात पोट शांत झालं. महिन्याने तोंडातल्या फोडांची जागा शोधूनही सापडेना. इतकं बरं वाटत होतं, तरी ताटावर बसले की राग यायचा. धाकटी आरशासमोर उभी राहून गाल चाचपायची आणि विचारायची, "ताई, बारीक दिसते ना मी?" सासूबाई तिला दूध-साय नको, हे नको, ते नको, विचारून विचारून वाढायच्या. मला आठ वर्षांत असं एकदाही कुणी विचारलं नव्हतं. एकदा मी मुद्दाम म्हटलं, काही फरक दिसत नाही. तिचा चेहरा उतरला आणि मला बरं वाटलं.

नागपूरला गेले. आठ वर्षांत पहिल्यांदा आकडा निम्म्याखाली आला होता. डॉक्टर म्हणाले, जे काय करताय ते सोडू नका. मी घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर श्रेय कुणाला गेलं असतं ते मला ठाऊक होतं.

मग शेतात रोडग्यांचं जेवण झालं. आमच्याकडे कापूस वेचून झाला की मारुतीपुढे गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजतात, वर तूप आणि सोबत वांग्याची भाजी. मी घरून भाकर नेली होती, ती बांधावर बसून खाल्ली. धाकटीने आधी एक तुकडा मोडला, मग अख्खा रोडगा खाल्ला, मग दुसरा. बोटांवरून तूप ओघळत होतं. तिला काहीही झालं नाही. तिचं पोट दुखलं नाही, तिला रात्रीतून उठावं लागलं नाही, दुसऱ्या दिवशी ती टवटवीत होती. तो हेवा मात्र वेगळाच होता. तवा, डबा, सासूबाईंचा लळा, सगळं तिला राहू द्यावं, मला फक्त असा एक रोडगा खाता यावा, असं वाटून माझे डोळे भरून आले. धूर लागला असेल असं सगळ्यांना वाटलं.

चार दिवसांनी तिने जाहीर केलं की गव्हाचं काही खरं नाही, आता नवीन पद्धत, सोळा तास उपाशी राहायचं आणि आठ तासांत वाटेल ते खायचं. सासूबाईंना बरंच वाटलं. त्या म्हणाल्या, "हा तवा लय मस्त तापते. उद्यापासून पोळ्याबी यावरच करू."

ती दुपार मी शाळेत कशी काढली मलाच माहीत. घरी आल्याबरोबर गच्चीवर गेले. धाकटी वाळलेल्या मिरच्या गोळा करत होती. मी कधी कुणाकडे काही मागितलेलं नाही, आणि हिच्याकडे तर मुळीच मागायचं नव्हतं.

"एक काम कर," मी म्हटलं. "गहू सोडला असं म्हणत राहा. बाहेर काय खायचं ते खा. घरात मात्र बंदच आहे असं सांग."

"काऊन?"

मी सांगितलं. नळी, आतडं, आकडा, खोपीतला तवा, सगळं. बोलताना माझा आवाज चढत गेला, जणू तिनेच मला आजारी पाडलं होतं. ती सुपात मिरच्या तशाच धरून उभी राहिली.

"आई तर म्हणल्या की तुमाले गव्हाचा कंटाळा हाय. मला वाटलं, माझ्यासारखंच असन तुमचं. थोडं बंद केलं की हलकं वाटते, तसं." मग म्हणाली, "तुम्ही एकदा नीट सांगून पाहा ना आईंना."

"आठ वर्षं काय गाणी म्हणत होते मी?"

ती रडली नाही, की माझी समजूतही घालायला आली नाही. खाली गेली आणि सासूबाईंना म्हणाली, रोडगे खाल्ल्यापासून चेहरा सुजला आहे, गहू पुन्हा बंद, आणि या वेळी कायमचा. त्या तव्याला कणकेचा हातसुद्धा लागायला नको. सासूबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला. त्यात सूज नव्हती, पण त्यांना ती दिसली.

उरलेले दोन महिने तिने बिनचूक निभावले. घरात भाकर खायची, मीटिंग संपली की आदिलाबादला जाते म्हणून जायची आणि बसस्टँडजवळ समोसे खाऊन यायची. येताना माझ्या मुलीलाही आणायची. मी तिला धन्यवाद म्हटलं नाही. म्हणायला पाहिजे होतं, पण समोशांचा वास आला की माझे शब्द आतच राहायचे.

दीर आले आणि ती हैदराबादला परत निघाली. गाडीत बसण्याआधी ती सासूबाईंना म्हणाली, "आई, माझा तवा कुणाला देऊ नका. मी येईन तेव्हा तोच लागन मला. पडून राहिला तर गंजते, म्हणून रोज त्यावर ज्वारीची भाकर झाली पाहिजे. ताईंसाठी करत जा." माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

याला आता दीड वर्ष झालं. धाकटी तिकडे काय खाते मला माहीत आहे, ती फोटो पाठवते, पिझ्झा असतो, नान असतो. माझा शेवटचा आकडा जवळजवळ माणसात आला. शेजारपाजारी सासूबाई सांगतात की लहानीच्या नादाने मोठीसुद्धा सुधारली.

परवा सकाळी मी घाईत होते. मुलीच्या डब्यासाठी पोळी लाटली आणि लाटलेली पोळी चुकून त्या तव्याच्या काठावर टेकवली. सासूबाई न्हाणीतून ओल्या केसांनी धावत आल्या. माझ्या हातातून पोळी हिसकावली, तवा उचलला, राखेने घासला, पाण्याने धुतला, पुन्हा घासला. सत्तरीची बाई, धाप लागली होती. पदराने तवा पुसून त्यांनी तो वरच्या फळीवर सगळ्या भांड्यांपासून लांब ठेवला.

"ध्यान कुटं राह्यते व तुह्यं?" त्या म्हणाल्या. "गव्हाचा एक कण गेला तर किती तरास होते, काही समजते काय तुले? लहानीले चालत नाई म्हणून किती डाव सांगू?"

मी म्हटलं, "चुकलं, आई."