भिकाजी नावाचे सावळाकाका

सकाळी सातच्या सुमाराला माझ्या भावाचा, दिनेशचा फोन आला. "सावळाकाका गेले," एवढंच तो म्हणाला. त्याला आता सहा आठवडे झाले. खरं सांगायचं तर ते शब्द ऐकून मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं, भीती होती. चाळीस वर्षांपूर्वी याच माणसाला पाहून अशीच भीती वाटायची. ज्याने माझ्या भावाचं आयुष्य वाचवलं, त्याला मी घाबरत होते. का घाबरत होते हे आधी सांगितल्याशिवाय त्यांच्याविषयी चार चांगले शब्द लिहिण्याचा मला अधिकार नाही.

आम्ही परळच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. वडील गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापसाच्या धुळीने छाती भरली आणि ते लवकर गेले. मागे आई, दिनेश आणि मी. आई खाणावळ चालवायची. समोरच्या खोलीत कोकणातले आठ-दहा कामगार एकत्र राहायचे, त्यांचं दोन वेळचं जेवण आमच्याकडे असायचं. सावळाराम परब हे त्यातलेच एक. पंचेचाळिशीचे, रुंद खांद्यांचे, बोलणं कमी. जेवताना पाठ नेहमी भिंतीला लावून बसत. विणकाम खात्यात त्यांचा हात असा चालायचा की बाकीचे विचारायचे, "कुठे शिकलास रे?" ते म्हणायचे, "गावाक." कोकणातल्या कुठल्या गावात माग चालतात, हे कुणी पुढे विचारलं नाही. गणपतीला, शिमग्याला सगळी खोली रिकामी व्हायची. सावळाकाका मात्र कधी गावी गेले नाहीत. "कुणी नसेल बिचाऱ्याचं," आई म्हणायची आणि त्यांच्या ताटात एक भाकरी जास्त टाकायची.

गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी नववीत होते. पहिले दोन महिने सगळ्यांना वाटत होतं, आज मिटेल, उद्या मिटेल. मग एकेक करून समोरच्या खोलीतली माणसं गावी गेली आणि खाणावळ बंद पडली. राहिले फक्त सावळाकाका. ते पहाटे भाऊच्या धक्क्यावर जाऊन मासळीच्या पाट्या उचलायला लागले. एकोणीस वर्षांचा दिनेशही त्यांच्याबरोबर जायचा. दुपारी दोघं परत येत ते अंगाला मासळीचा वास आणि हातात मूठभर बोंबील घेऊन. त्या बोंबलांवर आम्ही कित्येक दिवस काढले.

एके दिवशी सकाळी गिरणीच्या गेटवर कामावर परत जाणाऱ्या माणसांवर दगडफेक झाली. एकाचं डोकं फुटलं, तो जगतो की मरतो अशी अवस्था. संध्याकाळी पोलीस चाळीत आले. चार मुलांची नावं त्यांच्याकडे होती, त्यात दिनेशचं होतं. कुणी दिलं ते आजवर कळलं नाही. आई सांगत राहिली की तो सकाळभर धक्क्यावर होता, पण तिचं ऐकायला कुणी थांबलं नाही. त्याला धरून नेलं तेव्हा दिनेशच्या पायात चप्पलसुद्धा नव्हती. त्या दिवसापासून आमच्या घराला भीती जी चिकटली ती पुढे दोन वर्षं सुटली नाही. जिन्यात जड पावलं वाजली की आई हातातलं काम थांबवायची. रस्त्यावर पोलिसांची गाडी दिसली की मी उगाच वही छातीशी घट्ट धरायची, जणू त्या वहीतच काहीतरी सापडणार होतं.

तीन आठवड्यांनी जामीन झाला. जखमी माणूस सुदैवाने वाचला, पण केस उभी राहणारच होती. आमचे वकील भले होते. ते म्हणाले, "तो धक्क्यावर होता हे सांगणारा एक तरी माणूस उभा करा." धक्क्यावरच्या मुकादमाने हात झटकले. त्याला कोर्टाची पायरी चढायची नव्हती. उरले सावळाकाका. आई त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे होते. तिने सगळं सांगितलं. काकांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला स्पष्ट दिसलं. मग ते म्हणाले, "येयन." म्हणजे येईन. एवढंच. आई खोलीत आल्यावर म्हणाली, "हा माणूस घाबरलाय गं. येतो की नाही देव जाणे."

केस उभी राहायला वर्ष गेलं. या वर्षात काका दुपारी माझ्याकडून वर्तमानपत्र वाचून घ्यायचे. त्यांना अक्षरं जेमतेम लागायची. संपाच्या बातम्या आटत गेल्या तशी मी जवळच्या वाचनालयातून पुस्तकं आणून वाचायला लागले. त्यात एका जुन्या, गाजलेल्या फ्रेंच कादंबरीचं मराठी रूपांतर हाती आलं. शिक्षा भोगून सुटलेला एक माणूस दुसऱ्या नावाने नवं, भलं आयुष्य उभं करतो, आणि एक पोलीस अधिकारी त्याचा माग सोडत नाही, अशी ती गोष्ट. मला ती विलक्षण आवडली होती. गॅलरीत बसून मी आवाजाचे चढउतार करत वाचायची. काका कठड्याला टेकून ऐकत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मला काहीतरी वेगळं जाणवायला लागलं. गोष्टीत तो पोलीस आला की काका उठून जिन्यापर्यंत जात, खाली वाकून बघत आणि परत येत. मला आधी हसू यायचं. मग यायचं बंद झालं.

एका दुपारी त्यांनी मला मध्येच थांबवलं. "सुमा, फुडे तेका कोण वळाखता काय?"

मी पुढचं आधीच वाचून ठेवलं होतं. "हो काका. त्याला स्वतःलाच एकदा सगळ्यांसमोर खरं नाव..."

"पुरे," ते म्हणाले. त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक मिटवलं. "ह्या पुस्तक परत देऊन ये. आत्ताच्या आत्ता."

त्यांनी आवाज चढवला नव्हता, तरी मी घाबरून धावत सुटले. आठवड्यावर तारीख आली होती. तारखेच्या दोन दिवस आधी काका नाहीसे झाले. खोलीला कुलूप, धक्क्यावर विचारलं तर तिथेही नाहीत. आई देवापुढे बसून राहिली. आणि मला आतून खात्री होती की हे माझ्यामुळे झालं. त्या पुस्तकाने त्यांना कशाची तरी भीती घातली आणि ते पळाले. हे मी कुणाला सांगितलं नाही.

भोईवाड्याच्या कोर्टात आम्ही सकाळी दहालाच जाऊन बसलो. चाळीतले पंधरा-वीस जण आले होते. आमची केस पुकारली आणि वकिलांनी दाराकडे पाहिलं. दारात सावळाकाका उभे होते. धुतलेला पांढरा सदरा, दाढी केलेली, डोळे लाल. ते दोन दिवस ते कुठे होते, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही.

त्यांना शपथ दिली. नाव विचारलं. पुन्हा विचारलं. काकांनी दोन्ही हातांनी पिंजऱ्याचं लाकूड धरलं आणि म्हणाले, "भिकाजी गोविंद परब."

वकील गोंधळून हातातले कागद चाळू लागले. तिथे सावळाराम लिहिलं होतं. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा काकांनी सगळं सांगितलं, मालवणी बाजूला ठेवून, शब्द जपून जपून. सावळाराम हा त्यांचा चुलतभाऊ. त्याला गिरणीत बदली कामगाराचं कार्ड मिळालं आणि थोड्याच दिवसांत तो गावी तापाने गेला. ते कार्ड घेऊन हे कामावर लागले, कारण त्यांच्या स्वतःच्या नावावर कुणी काम देत नव्हतं. का देत नव्हतं? तर बावीस वर्षांचे असताना लालबागच्या एका गुत्त्यात, दारूच्या भरात, त्यांनी खोलीतल्या सोबत्याच्या डोक्यात लोखंडी कांब घातली होती. सखाराम त्याचं नाव. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याची दहा वर्षांची शिक्षा त्यांनी भोगली होती. माग चालवायला ते तुरुंगात शिकले होते.

सरकारी वकील म्हणाले, "खून केलेल्या, खोट्या नावाने राहणाऱ्या माणसावर विश्वास का ठेवायचा?"

काका न्यायाधीशांकडे बघून म्हणाले, "साहेब, खोटंच बोलायचं असतं तर नावच खोटं सांगितलं असतं. ते मला तेरा वर्षं जमलंय. हा पोरगा त्या दिवशी उजाडल्यापासून दुपारपर्यंत माझ्याबरोबर पाट्या उचलत होता."

पुढच्या तारखेला दिनेश निर्दोष सुटला. आई रडली, चाळीत पेढे वाटले. समोरच्या खोलीत मात्र पेढा घेऊन कुणी गेलं नाही. आम्हीही नाही.

इथून पुढचं लिहायला हात जड होतो. काकांना कुणी उघड काही बोललं नाही. फक्त ते गॅलरीतून चालले की बाया आपल्या पोरींना आत ओढून घेत. गावाहून परतलेल्या सोबत्यांनी त्यांचं अंथरूण दाराजवळ सरकवलं. गिरणीत त्यांना परत घेतलं जाणार नव्हतंच. कार्ड मेलेल्या माणसाचं होतं. आणि माझी आई, जिला त्यांच्यामुळे मुलगा परत मिळाला होता, ती मला म्हणाली, "एकटी असताना त्यांच्याशी बोलत जाऊ नकोस." मी विचारलं नाही का म्हणून. मला ती भीती आधीच वाटत होती. त्यांचे हात बघितले की मला ती कांब दिसायची.

एका सकाळी मी पाण्याची कळशी घेऊन जिना चढत होते आणि वरून काका आले. जिना अरुंद. मला पाहून ते थांबले, भिंतीला पाठ लावली आणि अंग चोरून उभे राहिले, मला वाट मिळावी म्हणून. मी कळशी तिथेच टाकली आणि खाली पळाले. कळशी पायऱ्यांवरून घरंगळत गेली, त्याचा आवाज सगळ्या चाळीने ऐकला. खालून वळून बघितलं तर ते वाकून पायऱ्यांवरचं पाणी स्वतःच्या पंच्याने टिपत होते, कुणी घसरू नये म्हणून... त्याच महिन्यात ते चाळ सोडून नायगावला गेले. बीडीडी चाळीत एका हवालदाराच्या विधवेच्या शेजारी त्यांना खोली मिळाली.

दिनेश त्यांना भेटत राहिला. मी शिक्षिका झाले, लग्न झालं. लग्नात ते हॉलच्या अगदी शेवटच्या रांगेत बसले होते आणि न जेवता गेले. पुढे माझ्या मुलीला परळच्या एका हॉस्पिटलात ठेवलं होतं, तिथे ते मला अचानक दिसले. बाहेरगावच्या पेशंटबरोबर येणारी माणसं गोंधळलेली असतात. कुठली खिडकी, कुठला मजला, कळत नाही. काका रोज सकाळी तिथे जाऊन अशा माणसांना हाताला धरून न्यायचे. कित्येक वर्षं. वॉर्डातले लोक त्यांना भिकाजीमामा म्हणत. त्या दिवशी आम्ही बाकावर बसलो आणि त्यांनी मला आपण होऊन एक गोष्ट सांगितली. कोर्टातल्या साक्षीनंतर ते सखारामच्या गावी, देवगडकडे, त्याच्या आईकडे गेले होते. खरं नाव सांगून. म्हातारीने दार लावून घेतलं. दुसऱ्या वर्षी गेले, पुन्हा तेच. ते खळ्यात, म्हणजे दारापुढच्या अंगणात, तासभर उभे राहून परत येत. पाचव्या वर्षी ती बाहेर आली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"तिना पाणी दिल्यान," काका म्हणाले. "बोलाक नाय काय. पण तांब्यो माझ्या हातात दिल्यान."

शेवटची भेट ते जायच्या पंधरा दिवस आधीची. ते खाटेवर होते, हात अगदी काटकुळे झालेले. इतक्या वर्षांचं मनात साठलेलं मी कसंबसं बोलले. "काका, त्या दिवशी जिन्यात मी कळशी टाकून पळाले..."

"खंयच्या जिन्यात गो?" ते म्हणाले. त्यांना खरंच आठवत नव्हतं, की मुद्दाम त्यांनी मला त्या ओझ्यातून सोडवलं, हे मला कधीच कळणार नाही.

दिनेशने त्यांना अग्नी दिला. दहाव्यानंतर मी त्यांची खोली आवरायला नायगावला गेले. आवरायला फारसं नव्हतंच. दोन सदरे, एक पंचा, एक स्टो. निघताना दार लावायला वळले तर दाराला आतून कडी नव्हती. जिथे असायला हवी तिथे चार भोकं होती, वरून रंग दिलेला. शेजारची हवालदारीणबाई म्हणाली, "आले त्याच दिवशी काढून टाकली त्यांनी. मी म्हटलं, चोर येईल हो. तर म्हणाले, बाई, परळात खोलीत एकटा असलो की मी दिवसासुद्धा कडी घालून बसायचो. झोपेत उठून हात लावून बघायचो, नीट बसली आहे ना. आता कुणापासून लपवायचं?"

माझ्या घराच्या दाराला आतून तीन कड्या आहेत. कोर्टाच्या त्या वर्षापासून मला कडी लावल्याशिवाय झोप येत नाही. नवऱ्याने, मुलीने कितीदा चेष्टा केली तरी. हवालदारीणबाई गेल्यावर मी दार नुसतं लोटलं आणि त्यांच्या खाटेवर बसले. वाऱ्याने दार हळूहळू उघडत होतं. ते पूर्ण उघडलं, पलीकडची गॅलरी दिसायला लागली, माणसं येत-जात होती. उठून ते लावावं असं वाटलं, पण मी उठले नाही.