लेकीचं दुसरं नाव

माझ्या लेकीला डेंगी झाला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून आम्ही निर्धास्त झालो आणि पाचव्या दिवशी तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. बिबवेवाडीतून रिक्षाने हॉस्पिटलला पोहोचेपर्यंत माझा रुमाल लाल झाला होता. "आपण प्रयत्न करतोय," असं डॉक्टर म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

आम्ही बेने इस्राएल, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे यहुदी. आमच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे वृद्ध हझान दुसऱ्या दिवशी दुपारी आले. आयसीयूच्या काचेतून लेकीकडे बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "हिचं नाव बदलू या."

आमच्यात ही जुनी रीत आहे. कुणी मरणाच्या दारात असलं की त्याला नवं नाव देतात. वर देवाच्या दरबारी मरणाचा निकाल झाला असेल तर तो जुन्या नावावर. नव्या माणसाला तो लागू नाही.

"मी शाळेत विज्ञान शिकवते, काका."

"शिकवा की. मी कुठे सलाईन काढायला सांगतोय?"

मग खुर्ची ओढून ते बसले. "आपल्या तोरा ग्रंथातली ती नव्वदीची बाई आठवते ना? देवाने वचन दिलं, हिला मुलगा होईल. त्याच वेळी तिचं नाव बदललं. मूल आलं वर्षभराने. तोवर तिच्याकडे होतं काय? वचन आणि नवं नाव, एवढंच."

लेकीचं नाव माझ्या आईचं होतं. आई गेली त्याच वर्षी ती जन्मली. ते नाव काढलं तर आई पुन्हा जाणार, आणि नाही काढलं तर? पुढचा विचारच करवेना. मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी हिब्रूत प्रार्थना म्हटली आणि काचेवर हात ठेवून नवं नाव उच्चारलं.

तासाभराने रक्तपेढीच्या खिडकीतून पुकारा झाला. कागदांवरच्या, जुन्या नावाचा. प्लेटलेटची पिशवी आली होती. मी बाकावर थिजले. ओ दिली तर ज्याला कळायला नको त्यालाही कळेल, ती इथेच आहे म्हणून, असं मला खरोखर वाटलं. पुन्हा पुकारा झाला.

"नातेवाईक आहेत का? की ठेवू आत परत?"

मी धावले. सही करताना माझं स्वतःचं नावही धड उमटलं नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी प्लेटलेट वाढू लागल्या. लेक सावरल्यावर मी तिला सगळं सांगितलं.

"मला विचारायचं तरी!" ती चिडली. थोड्या वेळाने म्हणाली, "अर्थ काय नव्या नावाचा?"

"जगणारी."

पुढे सिनेगॉगमध्ये आभाराच्या प्रार्थनेला हझानांनी नाव विचारलं, तेव्हा तिने दोन्ही सांगितली, नवं आधी. जुनं तिने मोठ्याने घेतलं आणि मी चटकन दाराकडे पाहिलं.

आता ती नोकरी करते, ठणठणीत आहे. ऑफिसात जुनंच नाव चालतं. पण जरा कणकण आली की मी तिला फक्त नव्या नावाने हाक मारते, तीही हळू आवाजात, आणि तिने ओ देईपर्यंत दारातून हलत नाही.