पाण्यात दोन नातू, पातेल्यात दोन खंडोबा

सगळ्यात आधी कोण आलं म्हणता? ज्या पोराच्या पुढं आमच्या अवीनं जावं म्हणून मी देवाला साकडं घातलं होतं, त्याच पोराची अज्जी. आम्ही लोह्याहून लातूरला लेकीच्या दारात उतरलो, तर ही बाई निलंग्याकडून पहाटच्या एसटीनं येऊन, अंघोळ उरकून, माझ्या लेकीच्या स्वयंपाकघरात लसूण सोलीत बसलेली. मला बघून उठली, पाय धुवायला अर्धा तांब्या पाणी दिलं (लातूर हाय ते, पूर्ण तांब्या कोण देतंय) अन् म्हणाली, "बर्री अक्का, ऊटा माडरी." मी लेकीच्या तोंडाकडं बघितलं. लेक हसत म्हणली, जेवायला चला म्हणतेत. म्हंजे घर माझ्या लेकीचं अन् वाढणार ती मला.

आता पहिल्यापासून सांगते, न्हाई तर तुम्हाला काही उमगायचं न्हाई.

अवी म्हंजे माझ्या दत्तूचा पोरगा. लहानपणी आमच्या विहिरीत मीच त्याला पोहायला सोडलं. पाठीला वाळला भोपळा बांधायचा, कमरेच्या दोरीचं टोक माझ्या हातात, अन् मी काठावर बसून ज्वारी पाखडायची. पुढं नांदेडला तलावात गेला, तिथून बेंगळुराला. तिथं त्याच्या खोलीत बसवराज नावाचं पोरगं हाय, निलंग्याच्या पलीकडं कानडी हद्दीवरच्या गावचं, घरात कानडी अन् बाजारात मराठी बोलणारं. त्याचीच ही अज्जी. दोघं एका खोलीत झोपतेत, एका ताटात जेवतेत अन् पाण्यात पडले की एकमेकाला मागं टाकायला बघतेत. यंदा दोघांची बी परदेशातल्या मोठ्या शर्यतीला निवड झाली. सात-आठ देशांची न्हाई, चांगली पंचवीस-तीस देशांची पोरं. अन् पोहायचं किती, तर पन्नास मीटर. आमच्या घरापासून मारुतीच्या पारापर्यंत जेवढं, तेवढं. मी म्हणलं, बाबा, एवढ्यासाठी इमानात कशाला बसायचं, आपली विहीर काय वाईट हाय?

पण गोष्ट हसण्यावारी न्यायची न्हाई. दत्तूचं लोह्याला बी-बियाण्याचं, खताचं दुकान हाय. त्यानं अवीला साफ सांगून ठेवलं होतं, की या बारीला पहिल्या आठात येऊन शेवटच्या शर्यतीत गेलास तर पोह बापा, न्हाई तर घरी ये अन् दुकान बघ. पोरगं बावीस वर्षांचं झालं, बापाचं बी खोटं न्हाई. अन् दत्तू एकदा बोलला की बोलला, त्याच्या बापासारखाच. अवीनं मला फोनवर एवढंच म्हणलं, "आजी, तू बघशील ना?" त्यात सगळं आलं.

आमच्या गावात रेंज येती ती गच्चीवर, ती बी एका कोपऱ्यात. लातूरला लेकीकडं भिंतीएवढा टीव्ही हाय. म्हणून निघाले; अज्जीच्या गावात बी तीच गत, म्हणून अवीनं तिला बी आत्याकडंच बोलावलेलं, ते मला तिथं गेल्यावर कळलं. दत्तू म्हणाला, मी निस्ता मायला पोचवायला येतो, शर्यत-बिर्यत मला बघायची न्हाई. हाव, म्हणलं, चल.

जायचं असलं तर सकाळची गाडी धरा. लोहा ते लातूर तीन-साडेतीन तास लागतात. आधी अहमदपूर, मग चाकूर, मग लातूर. बायांना अर्धं तिकीट हाय, तेव्हा भावाच्या घरी जायला आता कारण शोधू नका. पहिल्यासारखा रस्ता ऱ्हायला न्हाई, बरा झालाय, तरी मागच्या सीटवर बसू नका, माझं ऐका. लोहा सोडलं की माळेगावच्या खंडोबाला खिडकीतूनच हात जोडायचे. बाया-माणसांनी अहमदपूरच्या स्टँडवर सगळं उरकून घ्यावं. शिरूर ताजबंदला गाडी थांबली तर चहा घ्या, भजे घ्या; मिरची संग मागून घ्यावी लागती, आपणहून देत न्हाईत.

माझ्या मांडीवर डबा होता. कंडक्टर म्हणाला, आजी, डबा खाली ठेवा, सांडंल. मी म्हणलं, त्यात देव हायेत. तो म्हणाला, "मग ठेवा मांडीवर. देवाला तिकीट न्हाई आपल्याकडं." पुढच्या दोन बायांनी तिथंच वाकून डब्याला नमस्कार केला, अन् एकीनं डबा बघून विचारलं की आत चिवडा बी हाय का.

देव कशाला, ते सांगते. नातू पाण्यात उतरणार, तर देव कोरडे ठेवून कसं चालंल? आमच्याकडं मोठं काम असलं की देव पाण्यात ठेवतेत. काम झालं की बाहेर काढायचे, पुसायचे, निवद दाखवायचा. तोवर त्यांनी बी सोसायचं. दत्तूच्या दुकानाच्या परवान्याला ठेवले होते, लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला ठेवले होते. म्हणून देव्हाऱ्यातले चांदीचे टाक, खंडोबा अन् भवानी, लाल फडक्यात बांधून घेतले होते.

तर लातूरला जेवण झालं (अज्जीच्या कडक भाकरी अन् शेंगाची चटणी, काय सांगू) अन् मी लेकीला म्हणलं, संगीता, एक पातेलं दे, देव पाण्यात ठेवायचेत. तिनं कोरडा नळ सोडून दाखवला. म्हणली, आई, नळ परवा यायचाय. आता आली का पंचाईत. नातू तिकडं तलावभर पाण्यात अन् देवाला इकडं थेंब न्हाई. शेवटी जावयानं प्यायच्या पाण्याचा जार वाकवला. आमचा खंडोबा जन्मात पहिल्यांदा फिल्टरच्या थंडगार पाण्यात उतरला.

मी हात जोडून डोळे उघडते तर अज्जी माझ्या शेजारी उभी, हातात फडकं. तिनं बी देव आणले होते. पातेलं एकच. मी सरकवलं, तिनं ठेवले. वाकून बघते तर तिचा बी टाक खंडोबाचाच. ती मैलार म्हणती, मी खंडोबा म्हणते, घोडा तोच, तलवार तीच. दोघी बी एकमेकीकडं बघून हसलो. काय मागितलंस ते तिनं विचारलं न्हाई, मी बी विचारलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला जावयानं फोन टीव्हीला जोडला. निळंशार पाणी, दोरीनं पट्टे पाडलेले. संगीता म्हणली, एवढ्यात आमच्या गल्लीचा महिना निघाला असता. दत्तू दारापाशी खुर्ची टाकून रस्त्याकडं तोंड करून बसला. पेपर हातात, उलटा न्हाई, पण कालचा.

पहिल्या फेऱ्या गटागटानं असतात. सगळ्या गटांतून ज्यांची वेळ कमी, ती आठ पोरं शेवटच्या शर्यतीत. अवीचा गट आधी आला. टोपी, काळा चष्मा. मी ओळखलंच न्हाई, पाय ओळखले. शिट्टी झाली, सगळे चौथऱ्यावर वाकले, अन् पडले. मी पदर नीट करून बसेपर्यंत संपलं. खरंच सांगते. बावीस सेकंद अन् वर थोडंसं. मी साडेतीन तास एसटीत बसून आले, तर पोरगं एवढ्यात जाऊन भिंतीला हात लावून मोकळं. जावई म्हणले, मामी, ते सबंध अंतर श्वास सुद्धा जवळजवळ घेत न्हाईत. मी म्हणलं, घ्यायला येळ कुठाय?

मग बसवराजचा गट. अज्जीनं माझा हात धरला तो सोडलाच न्हाई, बांगडी रुतली. ते बी झालं. मग आकड्यांची यादी आली अन् जावई उठून टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभे ऱ्हायले. सात जागा भरलेल्या. आठव्या जागी आपली दोघं पोरं. दोघांची वेळ एकच, शेवटच्या आकड्यापर्यंत. सेकंदाचे शंभर तुकडे करतेत, त्यातला एक तुकडा सुद्धा इकडं-तिकडं न्हाई. अन् जागा एक. म्हणून तासाभरानं दोघांनीच परत पोहायचं, जो पुढं तो आत.

मग संगीता पातेल्याकडं बघून म्हणली, "तुम्ही दोघींनी एकाच देवाला दोन कामं सांगितली. त्यानं बिचाऱ्यानं बरोबर मधोमध तोडून दिलं."

हसावं का रडावं, असं झालं. अज्जी म्हणाली, "खरं हाय. आता एकीनं काढावे."

मी म्हणलं, मी काढते, तुम्ही लांबून आलात. ती म्हणली, लांबून तुम्ही बी आलात, मी काढते. मी म्हणलं, तुमचं वय जास्त. ती म्हणली, जास्त असलं तर मला कमी मागू द्या. मी पातेल्यात हात घातला, तिनं माझं मनगट धरलं. मी काढले, फडक्यात पुसले. तर तिनं लागलीच आपले काढले, म्हणली, तुमचे कोरडे अन् माझे वले, हे बरं दिसत न्हाई. मी परत ठेवले, तर तिनं बी ठेवले. असं तीनदा झालं. जावई कपाळाला हात लावून बसले. चौथ्यांदा दोघींनी बी काढले अन् तेवढ्यात संगीता ओरडली, आई, चौथऱ्यावर आलेत.

झालं. पातेलं रिकामं. तिच्या हातात तिचे देव, माझ्या हातात माझे, पाणी गळून राहिलं, अन् एवढाल्या तलावात दोनच पोरं. बाजूचे पट्टे सगळे रिकामे. आपलीच दोघं, एका ताटात जेवणारी.

या बारीला मी पापणी हलवली न्हाई. पडले ते संगच. अर्ध्यापर्यंत कुणाचा हात कुणाचा कळंना, निस्ता फेस. मग अवीचं डोकं जरा पुढं दिसलं. मी उभी ऱ्हायले. भिंतीपासून पाच-सहा हात ऱ्हायले अन् टीव्हीवर ते गोल गोल फिरायला लागलं. नेट अडकलं. जावई फोन हलवून राहिले, संगीता देवाचं नाव घेऊन राहिली, अन् मागनं एक आवाज आला, "अरे लाव की लवकर." दत्तू. पेपर खाली पडलेला, तोंड टीव्हीकडं.

चित्र आलं तेव्हा दोघं भिंतीला धरून वर आकड्यांकडं बघत होते. बसवराज पहिला. अवी दुसरा. फरक एका तुकड्याचा. शंभरातला एक.

अज्जीनं टीव्हीकडं बघितलंच न्हाई, माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे भरले. जिंकली ती अन् रडून राहिली ती. मी माझे देव पदरात घट्ट धरले अन् सगळ्यांसारखं दत्तूकडं बघितलं. कारण आता त्याचं बोलणं ऱ्हायलं होतं.

दत्तूनं जावयाला विचारलं, एक तुकडा म्हंजे नेमका किती. जावई म्हणले, भाऊ, पापणी लवायला त्याच्या कितीतरी पट येळ लागतो. दत्तूनं खाली पडलेला पेपर उचलून घडी घातली. मग म्हणाला, "एवढा फरक तर मी तराजूत गिऱ्हाइकाला सोडून देतो."

तेवढ्यात अवीचा फोन आला. हुंदके देत म्हणाला, आजी, हरलो, घरी येतो मी. मी काही बोलायच्या आत दत्तूनं फोन घेतला. म्हणाला, "इकडं कशाला येतूस? दुकानात गोण्या उतरल्यात, तुला बसायला जागा न्हाई. तिथंच ऱ्हा. अन् पुढच्या टायमाला भिंतीला हात जरा जोरात मार." फोन ठेवून, चप्पल घालून जिना उतरला. आला तो अर्ध्या तासानं, पेढे घेऊन. डोळे लाल होते. म्हणाला, लातूरला धूळ लई हाय.

चारला शेवटची शर्यत झाली. बसवराज आठात आठवा आला. आम्ही एवढा दंगा केला की वरच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या, लग्न ठरलं का. अवी तिथं काठावरच बसला होता. बसवराज बाहेर निघाला तसा त्यानं टॉवेल फेकून मारला, ते बी टीव्हीवर दिसलं.

दुसऱ्या दिवशी गंजगोलाईला गेलो. लातूरला गेलात तर सकाळीच जा, दुपारी पाय ठेवायला जागा नसती. गोल बाजार हाय, म्हणून कुठून आत शिरलो ते इसरायला होतं. आम्ही एकाच बांगडीवाल्याच्या पुढनं तीनदा गेलो, तिसऱ्यांदा त्यानंच विचारलं, आता तरी भरता का. भरल्या. अज्जीनं हिरव्या, मी बी हिरव्या. गाड्यावर निलंगा राईस खाल्ला. अज्जी म्हणली, असल्या भाताला आमच्याकडं कुणी राईस म्हणत न्हाई, पण दोन प्लेटी खाल्ल्या.

मग तिला मी सोडलंच न्हाई. एसटीत बसवून आमच्या गावाला आणलं, दोन रात्री ठेवून घेतलं. येताना माळेगावाला उतरून तिला देवाचं दर्शन घडवलं. ती देवळात जोरात म्हणाली, "आमच्याकडून चूक झाली, एका टायमाला एकच काम सांगू." पुजारी बघतच ऱ्हायला.

गावात निस्ती रीघ. अवीला हरवलेल्या पोराची अज्जी हाय म्हणून बाया बघायला यायच्या. शेजारची सुमन तोंडावर म्हणली, का वं काकू, वैऱ्याला पुरण खाऊ घालता? अज्जीनं तिलाच वाढलं अन् म्हणली, खा, वैऱ्याच्या हातचं गोड लागतं. सुमननं तीन पोळ्या खाल्ल्या.

आता घर पुन्हा गप हाय. मला पदकाचं काही कळत न्हाई, अवीला मिळालं बी न्हाई. पण दुकानात दत्तूनं गल्ल्याच्या वर अवीचा टोपी घातलेला फोटो लावलाय. गिऱ्हाईक विचारतं, कितवा आला? तर हा बियाणं मोजता मोजता सांगतो, नववा, आठव्याच्या बरोबरीचा. अन् मूठभर जास्त टाकतो. मी दुकानात गेले तर मला मात्र म्हणतो, माय, पुढच्या बारीला देव काढू नकोस. तोंड तर रस्त्याकडं करून बसला होता, मग त्याला हे कुणी सांगितलं, मला ठावं न्हाई. लेक न्हाई म्हणती.

अज्जीला लोह्याच्या स्टँडवर बसवून दिलं. खिडकीतून तिनं हात बाहेर काढून माझा हात धरला अन् गाडी हलेपर्यंत सोडला न्हाई. म्हणली, दोन्ही पोरांना सुट्टी असती तेव्हा घेऊन येते. मी म्हणलं, असं मोघम चालणार न्हाई, दिवस सांगा. गाडी सुटली तशी तिनं ओरडून सांगितलं, अन् मी घरी येऊन कॅलेंडरवर कुंकवाचं बोट लावून ठेवलं: चंपाषष्ठी.