उत्तरं कोणाची लिहायची?

पारनेरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ऊन तापलं होतं आणि माझं डोकंही. पुढच्या गावाला टेम्पोत, कडब्याच्या पेंढ्यांवर बसून गेलो. वाढत्या समृद्धीत सगळ्यांना सारखी संधी मिळते का, हे मोजायला निघालेल्या माणसाची ही वरात! दुतर्फा उघडी रानं, मध्येच हिरवागार घास (गाईंचा चारा).

नामदेवरावांच्या ओट्यावर सर्वेक्षणाचा फॉर्म उघडला. घरी चार गाई, दुधाचा धंदा. मी विचारलं की ते दाराकडे वळायचे, "अगं, तांबडी किती देती?" उत्तर त्यांच्या बायकोचं, ताराबाईंचं. कोणती आटली, पेंड किती लागते, सगळं आतूनच यायचं. मी मात्र बिनदिक्कत लिहिलं : नामदेव – दूध उत्पादक; पत्नी – घरकाम.

जेवायला शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची कडबोळी, रश्श्यात शिजवलेली) होते. वाढता वाढता ताराबाईंनी विचारलं, "माझ्याम्होरं काय लिवलं?"

सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"धारा मी काढते, डेअरीचं सभासद हे. आज मीटिंग हाय. मला सभासद व्हायचंय, पर एका घरात एकच घेत्यात. सभासद न्हाई त्याला बोलूबी देत न्हाईत."

मला भयंकर लाज वाटली. 'घरकाम' तिथल्या तिथे खोडलं. नामदेवरावांनी हातातली भाकरी ताटात ठेवली.

दुपारी मंदिराच्या मंडपात मीटिंग भरली. बाया मागे, मीही मागे. ताराबाईंचा अर्ज निघाला तसे चेअरमन म्हणाले, "घरात एकच, नियम हाय."

नामदेवराव उठले. "मग माझं नाव काढा, हिचं घाला. मला काय इचारलं तर मी हिलाच इचारतो."

मंडप हसला. हात वर झाले. ताराबाई उभ्या राहिल्या. "गाईंचा डॉक्टर सकाळी येतो, तवा आमी बाया रानात असतो. सांच्याला पाठवा." चेअरमननी ते लिहून घेतलं. मला लई बरं वाटलं.

निघताना चार बायांनी गाठलं, अर्ज कसा लिहायचा म्हणून. लिहून देईपर्यंत शेवटची एसटी गेली. एरवी मी कंडक्टरपासून सरकारपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला असता. त्या दिवशी राग आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी फॉर्म चाळला. "कुटुंबप्रमुख ताराबाई? नवरा हयात आहे ना?"

"आहे की," मी म्हटलं. "त्यांनीच सांगितलं."