नासवलेलं द्रावण

पीएचडी करताना माझा बराच काळ नगरच्या एका कॉलेजात द्रावण नासवण्यात आणि धुण्यात गेला. अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन आम्लात विरघळवतात आणि तेलासारख्या एका द्रावणाने त्यातलं युरेनियम, प्लुटोनियम काढून घेतात. आम्ल आणि किरणांमुळे ते द्रावण हळूहळू खराब होतं; मग त्यात धातू अडकून बसतात. ते धुऊन पुन्हा वापरता यावं, हा माझा विषय. आमच्या लॅबमध्ये किरणोत्सारी काही नव्हतं. नवं द्रावण आम्लासोबत तापवून आम्ही मुद्दाम खराब करायचो आणि प्लुटोनियमऐवजी झिर्कोनियम घ्यायचो.

धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं की वर द्रावण, खाली पाणी असे दोन थर व्हायला हवेत. आमच्या खाली तोटी असलेल्या काचेच्या नरसाळ्यात मध्येच ताकासारखा पांढरा पट्टा राहायचा. तो काही केल्या जाईना. लॅबमधली माझी श्रीरामपूरची मैत्रीण एका सकाळी म्हणाली, "सोड्याचं पाणी कोमट करून बघू या."

नेमकी त्या दिवशी आई जामखेडहून डोळे तपासायला आली होती. डॉक्टरांची वेळ दुपारची, म्हणून ती लॅबच्या दाराबाहेर स्टुलावर बसली. काय चाललंय ते मी तिला समजावून सांगितलं.

"म्हंजी आधी तुमीच नासवायचं आन् मंग तुमीच धुवायचं?"

"व्हय."

"आन् सर काय म्हनत न्हाईत?"

मैत्रीण इतकी हसली की हातातली बाटली तिला खाली ठेवावी लागली.

कोमट पाणी घालून नरसाळं हलवलं आणि स्टँडला लावलं. पट्टा आधी तसाच होता. मग कडेकडेने विरत गेला आणि दोन थरांमध्ये स्वच्छ रेघ उमटली. मैत्रिणीने माझा दंड घट्ट धरला.

दुपारी मी आईसोबत दवाखान्यात गेले. तिच्या डोळ्यांत औषध घातलेलं, डोळे मिटून ती बाकावर बसलेली. तेवढ्यात मैत्रिणीचा फोन आला.

"झिर्कोनियम जवळजवळ सगळं सुटलं. अगदी नव्या द्रावणासारखं. मी परत मोजून बघितलं."

मी सगळ्यांसमोर मोठ्याने हसले. शेजारच्या बाई बघायला लागल्या, तशी आई डोळे न उघडता त्यांना म्हणाली, "माझ्या लेकीचं धुनं लई दिसांनी निघालं."

बाईंनी मला विचारलं, "कुठली पावडर वापरता?"

"सोडा," मी म्हणाले. "कोमट पाण्यात."