शाळेची फणी

दादाच्या तेराव्याला वहिनीचा भाऊ जालन्याहून आला, तो लॅपटॉप घेऊन. लॅपटॉप आणला याचा मला राग नव्हता. नोकरीतली माणसं हल्ली कुठेही जाताना तो बरोबर ठेवतात. पंगत उठल्यावर त्याने तो दुकानाच्या काउंटरवर, दादाच्या फोटोच्या हाराला खेटून उघडला, याचा राग होता. तो अजून गेलेला नाही. हे लिहून तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

डोणगावात आमचं जनरल स्टोअर्स आहे. होतं म्हणायला हवं, कारण आता पाटी बदलली आहे. वडिलांनी ते सुरू केलं आणि दादाने वाढवलं. बादल्या, वह्या, रिबिनी, बांगड्या, टॉर्च, मच्छरदाण्या असा सगळा माल. जागा वडिलांनी आम्हा दोघांच्या नावावर केली होती. मी मेहकरच्या शाळेत मराठी शिकवते, रोज अप-डाउन करते आणि दुकानामागच्या खोल्यांत एकटी राहते. दादा, वहिनी आणि त्यांचा मुलगा वरच्या मजल्यावर असत. मुलगा आता शिकायला बाहेरगावी आहे.

दादाने कॉम्प्युटर आणि बारकोडचं मशीन घेतलं ते मेहकरला मोठा मार्ट उघडल्यावर. कंपनीच्या मालाचं काम सोपं होतं. साबण, पेन, खोडरबर यांच्यावर काळ्या रेघा छापूनच येतात. खाली तेरा आकडे असतात, आपल्याकडच्या कंपन्यांचे बहुतेक आठशे नव्वदने सुरू होणारे. पण मशीनला नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही. या आकड्याचं नाव काय, भाव काय, हे कुणीतरी आधी भरून ठेवावं लागतं. आणि आमच्याकडचा कितीतरी माल असा होता की त्यावर रेघाच नसत. फडा, सूप, सुतळी, मुंडावळ्या, काचेच्या बांगड्या. अशा मालाला दुकानाने आपला आकडा द्यायचा, स्टिकर छापायचं आणि चिकटवायचं. हे घरचे आकडे दोनने सुरू करायची पद्धत आहे. दोनचा आकडा ज्या त्या दुकानाचा खासगी असतो. त्या दुकानाच्या दाराबाहेर त्याला काही अर्थ नाही.

मला उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून टाइप करायला मी बसले. दादा वस्तू हातात धरून नाव सांगायचा.

"लिव्ह, फडा मोठा."

"केरसुणी लिहिते."

"काऊन वं? केरसुणी मांगाले कोन आलं आतापर्यंत?"

"बिलावर छापून येईल ते. लोक वाचतील."

"मंग वाचू दे ना. वाचून त्याईले समजलं पाह्यजे का आपन काय आनलं. मास्तरीनबाई, तुमचं शुद्धलेखन शाळेत ठेवा. हे दुकान हाय."

मी फडा लिहिलं. पुढे मग मीही हट्ट सोडला आणि तो सांगेल ते लिहीत गेले. 'पोट्ट्याइचा बॉल'. 'रडक्याचा खुळखुळा'. सुलतानपूरच्या बायका येऊन हटकून जी हिरवी, सोनेरी ठिपक्यांची बांगडी घेत, ती 'सुलतानपूरवाली'. 'लाइन गेल्यावरचा टॉर्च' हे नाव बिलाच्या अरुंद कागदावर मावत नसे, म्हणून 'लाइन गेल्यावरचा टॉ' एवढंच छापून येई. लोक हसत आणि बिल जपून खिशात ठेवत. आणि उवांच्या फणीला नाव होतं 'शाळेची फणी'. गावातल्या मुली ताठ मानेने ती मागत, कारण मागे उभ्या असलेल्या माणसाला काही कळायचं कारण नव्हतं. एवढ्या नावांत हे एक मला दादाच्या मनाचं माप वाटे. तो गेल्यावर तर फारच.

वहिनीचा भाऊ ज्या कंपनीत आहे, ती गावोगावची दुकानं आपल्या पाटीखाली घेते. माल त्यांचा, मांडणी त्यांची, चालवणारे आपण. नव्याने आलेल्या दुकानाची वस्तूंची यादी साफ करणं हे त्याचं काम. तो त्याला 'डेटा क्लीन करणं' म्हणतो. तेराव्याच्या दुपारी त्याने दादाची यादी लॅपटॉपवर घेतली आणि जिजाजींच्या फोटोसमोर बसून ती मला दाखवत चाळू लागला.

"ताई, हे बघा. एकाच बादलीला चार नावं दिलेत. बादली लाल, लाल बादली, लग्नातली बादली आन ही चौथी नुसतीच बादली. अशानं स्टॉक कसा जुळायचा?"

त्याचं म्हणणं खरं होतं. दादाचा स्टॉक कधीच जुळत नसे. खरं बोलणारा माणूस न आवडण्याची सोय नसते, म्हणून तो मला जास्तच आवडेनासा झाला.

मग त्याने कंपनीची यादी उघडली आणि कोपऱ्यातला एक फडा उचलून त्यावरच्या दादाच्या स्टिकरवर मशीन धरलं. टीं असा आवाज झाला. पडद्यावर आलं, बेबी फ्रॉक पिंक.

तो मोकळेपणाने हसला. "बघितलं का? हाच नंबर आमच्याकडं फ्रॉकला हाय. दोनचे नंबर असेच एकमेकावर आदळतेत. म्हणून तुमचे सगळे डिलीट करावे लागतेत."

"आणि नावं?"

"नावं बी जातेत. नाव हेड ऑफिसातून येतंय, इंग्रजीत. दुकानात बसून कुणाला बदलता येत नाही."

"उवांच्या फणीला तुमच्यात काय म्हणतात?"

त्याने शोधलं. "लाइस कोम्ब."

"आणि ते बिलावर छापणार?"

"बिलावर, काउंटरच्या पडद्यावर, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर बी जातंय." ही केवढी सोय आहे, अशा सुरात त्याने सांगितलं.

दुकान त्या कंपनीच्या पाटीखाली द्यायचं वहिनीने ठरवलं होतं आणि करारावर जागेच्या दोन्ही मालकांच्या सह्या लागत होत्या. दादाच्या जागी वहिनीने केली. मी म्हणाले, नावं राहणार असतील तर करते. असं काही करारात लिहिता येत नाही, असं उत्तर आलं. मग मी सही केली नाही.

घरात त्यानंतर जे सुरू झालं ते भांडण नव्हतं. भांडणात निदान समोरासमोर उभं राहावं लागतं. वहिनी मूळची जालन्याकडची, पण इतक्या वर्षांत आमच्याहून पक्कं वऱ्हाडी बोलते. तिचे टोमणे जिन्यावरून खाली येत. "आपल्याले काय एक तारखेले पगार येते का बाप्पा?" हे ती वाळत घातलेल्या कपड्यांना सांगे. मार्टच्या पिशव्या घेऊन ओळखीची माणसं आमच्या दारावरून जात, तेव्हा ती मला हाक मारून दाखवी. "ताई, बाहेर या. तुमचे केरसुणीवाले चालले." एकदा तिचा भाऊ बाहेर गाडीवर बसून फोनवर बोलत होता, ते खिडकीतून ऐकू आलं. "काय नाही हो, ननंदबाईला म्युझियम काढायचंय." मीही गप्प बसले नाही. तो आला की मी दुकानात जाऊन बसे आणि गिऱ्हाइकाला बिल मोठ्याने वाचून दाखवी. 'लाइन गेल्यावरचा टॉ.' त्याच्याकडे बघत.

पुढे एका रविवारी दुपारी वहिनी स्वतः काउंटरवर आली. कराराचे कागद तिने माझ्यासमोर ठेवले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं आणि तेच तिला सांगायचं होतं.

"पाहून घ्या. रविवार हाय न कुत्रं नाही दुकानात."

"मी कंपनीला नाही म्हटलेलं नाही. दादाची नावं पुसायला नाही म्हटलं."

"दादाचे?"

"दादाचीच. मी टाइप केलीत ती. एकेक."

"टाइप केले तुम्हीनं. सुट्टीत." ती बसली नाही. "शाळेची फणी हे नाव कोनं ठेवलं?"

"दादाने."

"तुम्हाले त्याईनं सांगतलं. त्याईले मी सांगतलं." तिचा आवाज चढला नव्हता. "एक पोरगी त्या खांबापाशी उभी राहे. माणसं गेले का मंग काउंटरवर ये, न तोंडातून शब्द नाही. मीच म्हटलं, शाळेसाठी पाह्यजे का वं? तं मान हालवली. तवापासून थे शाळेची फणी. न तो खुळखुळ्याचा रडका कोन, माहीत हाय? आपलाच पोट्टा. या काउंटरखाली झोपवत जाय मी त्याले."

मी काउंटरखाली बघितलं.

"सुलतानपूरवाल्या बायका बांगड्या कोनाच्या हातानं भरत? त्याईच्या? तुम्ही सुट्टीतल्या, ताई. मी रोजची. थे नावं त्याईचे म्हून तुम्ही धरून बसल्या. अर्धेअधिक माये हायेत. न मीच म्हणून राह्यली का पुसा."

मी पेन उघडलं आणि जिथे जिथे फुली केली होती तिथे सही केली. तिने मला पटवलं असं नाही. दादा माझ्याशेजारी बसून जे बोलत होता त्यातलं किती त्याचं होतं, हे मला आता विचारता येणार नव्हतं, आणि ज्या माणसाला विचारता आलं असतं ती समोर उभी राहून कागद गोळा करत होती. हे सगळं ती तेराव्यालाही सांगू शकली असती. तिने ते माझ्यासाठी राखून ठेवलं होतं असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

कंपनीची माणसं आली, तेव्हा त्यांनी फड्यांवरची, सुपांवरची स्टिकरं नखांनी खरवडून काढली. जी निघेनात त्यांच्यावर त्यांनी आपली चिकटवली. वहिनीच्या भावाने दादाची जुनी यादी पेन ड्राइव्हमध्ये घालून मला देऊ केली. "आठवण म्हणून ठेवा, ताई." मी घेतली नाही. पेन ड्राइव्हमधलं नाव सांगून कुणी फणी मागायला येत नाही.

आता दुकानात थंड हवेचं मशीन आहे आणि रांग लागते. मी शक्यतो तिथून काही घेत नाही. परवा फडा मोडला म्हणून जावंच लागलं. माझ्यापुढे दोन वेण्या घातलेली एक मुलगी होती. ती काउंटरवर वाकून म्हणाली, "काकू, शाळेची फणी हाय का?"

वहिनी कंपनीचा निळा एप्रन घालून उभी होती. तिने "हाव" म्हटलं, मागच्या फळीवरची फणी काढून मशीनखाली धरली आणि गिऱ्हाइकांकडे तोंड केलेल्या पडद्यावर अक्षरं येताच त्यावर तळवा ठेवला. मुलगी पिशवी उघडेपर्यंत तो तिथेच होता. बिल तिने छापील बाजू आत करून दुमडलं आणि फणीखाली सरकवलं. हे तिने मला बघून केलं नाही, कारण तिने मला पाहिलंच नव्हतं.

मग पाहिलं. माझा फडा घेतला, टीं केलं. पडद्यावर काय आलं ते मी वाचलं नाही.

"मोबाइल नंबर?" ती म्हणाली.

"तुम्हाला पाठ आहे."

"गिऱ्हाइकानं सांगा लागते, ताई. नियम हाय."

मागे माणसं उभी होती. तिचा हात बटणांवर होता आणि नजर पडद्यावर. मी एकेक आकडा सांगू लागले, वर्गात शुद्धलेखन सांगते तसा, थांबून थांबून. शेवटचे दोन मी सांगायच्या आधीच तिने दाबले.