पेटीच्या तळाशी गेलेलं चित्र

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. सरांचं ते चित्र मीच नेलं होतं.

सर पांढुर्ण्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. मी त्यांचा विद्यार्थी, पुढे सौंसरला त्याच विषयाचा मास्तर झालो. चित्र म्हणजे एका जाड पुस्तकातून सुटलेलं पान. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुण्या जर्मन चित्रकारानं काढलेला रानटी डोंगराळ मुलूख. काळे कडे, उन्मळून पडलेलं झाड, दगडांवर आपटणारं पाणी, वर दाटून आलेलं आभाळ. माणूस औषधालाही नाही. सर म्हणायचे, "मानूस नाही म्हणूनच पाहणाऱ्याले आत जागा हाय." निवृत्तीनंतर चहा झाला की ते रोज ते पान घेऊन बसायचे.

रामाकोन्याच्या एका बागवाल्याला नव्या घराच्या भिंतीवर सीनरी पाहिजे होती. मला वाटलं, हीच काढू. सरांना विचारलं असतं तर म्हणाले असते, "नकल करून राहिला का बे?" म्हणून विचारलंच नाही. ते आंघोळीला गेले तेव्हा पान वर्तमानपत्रात गुंडाळून उचललं.

बागेत संत्र्याची तोड चालू होती. पुडकं ओसरीत ठेवून मी भिंत मोजायला आत गेलो. पेट्या भरणाऱ्या बायांनी ते रद्दी समजून उलगडलं आणि आतल्या चित्रासकट सगळे कागद पेट्यांच्या तळाशी अंथरले. वर तणस, वर संत्री. मी बाहेर आलो तोवर ट्रक नागपूरच्या रस्त्याला लागला होता.

दोन दिवसांनी सरांकडे गेलो, सांगायचं ठरवूनच. घरात सरांचं आणि त्यांच्या बायकोचं, काकूंचं, भांडण पेटलेलं.

"तूच रद्दीवाल्याले देलं असन!"

"हो, मीच देलं. तुमचा चस्माबी मीच खाल्ला!" काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "बाबू, तू तरी सांग यायले."

मी चहा मागितला.

सर जाईपर्यंत ते पान शोधत होते. तेराव्याच्या दिवशी काकूंनी मला बाजूला घेतलं. "माह्याच हातानं गेलं असन रे. आठवतच नाही आता. शेवटी शेवटी माह्यासंग धड बोलले नाही ते." मी मान हलवली, समजूत घालावी तशी.

आता ते चित्र मोबाइलवर सापडतं म्हणे. मी शोधत नाही.

काकू अजून पांढुर्ण्यातच आहेत, एकट्या. चित्र त्यांनी हरवलं नाही, मी हरवलं, हे त्यांच्यासमोर बसून सांगायचं त्यांचं देणं माझ्याकडे अजून बाकी आहे.